फाटक्या कानाची

परमेश्वराने निर्माण केलेल्या यच्चयावत प्राण्यांपैकी माझ्या साडूंच्या संशयातून सुटलेला प्राणी एकच, तो म्हणजे हरीण. बाकी सगळे गुन्हेगार, फक्त पुरावा हाती यायचा बाकी. टीव्हीवर ऊन सांगितलं की साडू छत्री घेणार, आणि पाऊस सांगितला तरी घेणार, कारण "एखाद वेळी खरंही बोलून राहिले असतील." विंटर टायर बसवायला गाडी दिली की टायरांना आतल्या बाजूने खडूच्या खुणा करून ठेवत, जुनेच परत लावले तर कळावं म्हणून. मी त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्न झाल्यापासून त्यांच्या लेखी मी जामिनावर सुटलेला होतो.

असा हा माझा साडू, नागपूरचा टेलिकॉम इंजिनिअर, दोन हजार चारच्या सुमारास कॅनडातल्या कनाटापासून दीड-दोन तासांवर रानातला एक तुकडा घेऊन बसला. रस्त्यालगत छान कोरडी जमीन आणि पार मागे, ओढ्यापलीकडे, बीव्हर नावाच्या पाणप्राण्यांनी बांध घालून भिजवून ठेवलेलं एक कुरण. साडूंनी जाहीर केलं की हरणांसाठी चारा पेरायचा, आणि तो त्या मागच्या कुरणातच. तिथे ट्रॅक्टर जात नव्हता. माणूस जाऊन परत यायचा, पण त्याचा एक बूट चिखलातच राहायचा.

"अहो, पुढे एवढी कोरडी जमीन आहे की!" मी म्हटलं.

"त्याच्यातच तर गोम आहे ना, साडूभाऊ," म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी कोरड्या जमिनीचा दलालच आहे.

आता तिकडे हरणांसाठी चारा पेरणारी बहुतेक माणसं नोव्हेंबरात त्याच चाऱ्यासमोर बंदूक घेऊन बसतात. तेव्हा संशय घ्यायची पाळी आमची आली. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईंनी, माझ्या बायकोला फोनवर हळूच सांगितलं, "हे अंडंसुद्धा खात नाहीत गं. पण या देशात येऊन माणसाचं काय होईल, काही सांगता येत नाही."

बियाणं निवडण्यात एक अख्खं वर्ष गेलं. पिशवीवर शिंगं उगारलेल्या हरणाचं चित्र दिसलं की साडू ती पिशवी खाली ठेवत. "आतला माल चांगला असता तर चित्र काहून छापलं असतं?" ओट, वाटाणे, लसूणघासासारखं क्लोव्हर, प्रत्येकाचा नमुना आणून ते ओल्या फडक्यात बांधून किचनच्या ओट्यावर ठेवत, मटकीला मोड आणतात तसे. किती उगवतं ते स्वतः पाहिल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. एका रविवारी ताईंनी एक पुरचुंडी सोडली, टपोरे मोड आलेले वाटाणे पाहिले आणि फोडणीला टाकले. आम्ही जेवायला होतो. उसळ झकास झाली होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली तेव्हा साडूंना ओट्यावरचं रिकामं फडकं दिसलं. रागावतील असं वाटलं, तर ते माझ्या तोंडाकडे बारकाईने पाहत म्हणाले, "कडवट नाही ना लागून राहिले? मग खातील ते." बियांना औषध चोळलेलं नाही ना, हे त्यांनी दुकानात पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं, म्हणून मी आज हे लिहितोय.

शेवटी दुकानातल्या बाईंनी मार्ग सांगितला. मार्चमध्ये चिखल गोठलेला असतो, तेव्हा चालत जा आणि ओल सोसणारं क्लोव्हर बर्फावरच फेकून या. दिवसा वितळतं, रात्री गोठतं, त्यात माती बी आत ओढून घेते. बर्फावर पेरणी! "मले नवखा समजून गंडवून राहिली," म्हणत साडूंनी घरामागच्या बर्फावर चिमूटभर बी टाकून पाहिलं. मे महिन्यात ते हिरवंगार उगवलं. बाई खरं बोलली, याचा त्यांना फार त्रास झाला.

पुढच्या मार्चात, ऐन पेरणीच्या तोंडावर, साडूंची बायपास झाली. चिखल सुटायला थोडेच दिवस उरले होते. घरी आल्या आल्या त्यांनी बियाण्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"आता तरी सांगा, तिथेच का?" मी म्हटलं.

"शेजारचे बंदूकवाले कोरड्यातून कुठूनही घुसतात," ते दमत दमत म्हणाले. "तिथं त्यांचे बूट पोचत नाहीत. शिकारीचा मोसम संपेपर्यंत तिनं तिथंच पोट भरावं. फाटक्या कानाची एक आहे. दर वर्षी वाटते, या खेपेला गेली."

मी पिशवीचं तोंड पुन्हा घट्ट बांधलं. मग विचारलं, "आणि माझ्यावर विश्वास आहे?"

"नाही," साडू म्हणाले. "पण दुसरं आहे कोण?"

मी पेरलं. परत येऊन गाडीत बसतो तोच साडूंचा फोन, "सगळं पेरलं ना? नक्की?" नोव्हेंबरात साडू काठी टेकत माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत आले. दूर कुठेतरी बार उडत होते. पलीकडे विरळ बर्फातून हिरवं डोकावत होतं आणि त्यात मान खाली घालून ती चरत होती. आमची चाहूल लागताच तिने मान वर केली. एक कान टोकाशी दुभंगलेला. ती आमच्याकडे टक लावून पाहत राहिली, एक पाऊल पुढे येईना.

"पाह्यलं?" साडू कौतुकाने कुजबुजले. "कोणावर म्हणून विश्वास नाही तिचा." आणि डोळे पुसले.

साडू आता नाहीत. मार्चात अजून मीच पेरायला जातो. नमुना आधी ओल्या फडक्यात बांधून पाहतो. परत येऊन गाडीत बसलो की हात आपोआप फोनकडे जातो, "सगळं पेरलं ना? नक्की?" हे ऐकायला. फोन वाजत नाही. मग मी उतरतो आणि पिशवी उलटी करून एकदा झटकून पाहतो.