मिस्त्रीचं पिस्तूल आणि भागीदाराची नक्कल

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातली ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, मी त्या भागात फौजदार होतो. चहाच्या गाडीवाल्या खबऱ्याने निरोप धाडला, "सायेब, बैलांच्या एका दलालाकडं पिस्तूल हाय." आम्ही साध्या वेशात पोहोचतो तोच बार झाला. दलाल गिऱ्हाइकाला पिस्तूल चालवून दाखवत होता; ते त्याच्याच मुठीत फुटलं. दोन बोटं गेली.

पंचनामा करताना मी चमकलो. असंच पिस्तूल आमच्या मुद्देमालात आधीपासून होतं. गोदामाच्या रखवालदाराला ठार करून पळणाऱ्या चोराकडून ते जप्त झालं होतं. दोन्ही एका जुन्या लष्करी पिस्तुलाच्या हुबेहूब नकला. चोराने तोंड उघडलं नव्हतं. दलाल मात्र दवाखान्यात बोलला, "नगरच्या मिस्त्रीचा माल म्हनून घेतला."

लेथवर काम करणारा हा मिस्त्री पन्नाशीचा, शांत माणूस. झडतीत काही मिळालं नाही. दोन दिवस त्याचं एकच उत्तर, "मला ठावं न्हाई."

मी दोन्ही पिस्तुलं मुख्यालयात शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या हवालदारांकडे नेली. त्यांनी ती सुटी करून पाहिली.

"साहेब, नमुना एक, पण हात दोन," ते म्हणाले. "अस्सल पिस्तूलसुद्धा लढाईच्या काळात अनेक कारखान्यांनी बनवलं. जिथं पोलाद चांगलं आणि मापात न बसणारा भाग बाद करणारा माणूस कडक, तिथला माल चालला. जिथं घाई, तिथला अडकला. इथंही तसंच. चोराकडच्याचं पोलाद चांगलं, तापवून पाणी नीट दिलंय, एकेक भाग घासून बसवलाय. फुटलेलं म्हणजे नकलेची नक्कल, मिळेल त्या लोखंडाची."

परत येऊन मी दोन्ही पिस्तुलं मिस्त्रीसमोर ठेवली आणि मुद्दाम म्हणालो, "दोन्ही तुमचीच. एक फुटलं, माणूस जन्माचा अधू झाला."

त्याने फुटलेलं उचललं, कडांवरून बोट फिरवलं आणि बाजूला सारलं.

"असलं काम मी करीत न्हाई."

"मग हे दुसरं?"

आपण काय बोलून बसलो, ते त्याला कळलं होतं. ते दुसरं हातात घेऊन त्याने विचारलं, "ते कुठं अडकलं तर न्हाई?"

"एकदाही नाही," मी म्हणालो. "म्हणूनच रखवालदार वाचला नाही. दोन लहान मुली आहेत त्याच्या."

त्याने पिस्तूल खाली ठेवलं. मग म्हणाला, "दुसरं माज्या जुन्या भागीदारानं केलंय. माज्या नावावर इकतो. चला, दावतो."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही; आरोपीने पंचांसमोर काढून दिलेला माल टिकतो. म्हणून पंचांना सोबत घेऊनच निघालो. मिस्त्रीने आधी स्वतःच्या गोठ्यात पुरलेले साचे काढून दिले, मग भागीदाराचं शेड दाखवलं. तिथे अर्धवट तयार पिस्तुलांची पेटी मिळाली. पुढच्या बाजारात ती विकली गेली असती. दोघांनाही शिक्षा झाली.

तोवर मी आरोपीच्या चेहऱ्यावर भीती शोधायचो. या तपासानंतर त्याला अभिमान कशाचा आहे, ते पाहू लागलो. मिस्त्रीने एकेक भाग तपासून घेतला होता. पिस्तूल घ्यायला आलेल्या माणसाला मात्र एक प्रश्नही विचारला नव्हता.