वजनासाठी चुकवलेलं इन्सुलिन

औरंगपुऱ्यातल्या मधुमेहाच्या दवाखान्यात मी सहा वर्षं जातेय, पण तिथल्या सिस्टरचं नाव मला अजून माहीत नाही. त्या करमाडहून येतात, भरभर बोलतात आणि प्रत्येकीला 'माय' म्हणतात. शुगर तपासून झाली, की हातात कागद घेऊन खाण्यापिण्याचे प्रश्न विचारतात. बायका कंटाळून "नाही, नाही" म्हणतात. मीही तेच म्हणायचे.

मागच्या महिन्यात माझी शुगर पुन्हा खूप वाढली होती. सिस्टरनी कागद बाजूला ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"बारीक व्हायला इन्सुलिन चुकवती का, माय? मी रागवायची नाय. लई पोरी चुकवतात."



"हो, चुकवते," मी म्हणाले. दोन वर्षांत हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

त्या ताडकन उठल्या आणि माझे दोन्ही हात धरले. "सांगितलंस! आता जमतंय बघ!" असं म्हणत मला तशाच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्या दुपारी मी इन्सुलिन घेतलं आणि आईसमोर बसून पोटभर जेवले.