तालीचे दगड

दुष्काळात वडूजच्या पलीकडच्या रस्त्यावर खडी फोडायला सगळं गाव एका रांगेत बसायचं. तेव्हा कुणाला आमची वस्ती आठवली नाही. पाऊस परतला तशी गावाला ती बरोबर आठवली, कारण आम्ही बौद्धवस्तीतल्या माणसांनी गायरान नांगरलं होतं.

गायरान कसलं, नुसता दगडांचा माळ. गुरंसुद्धा तिथं तोंड वाकडं करून चरायची. खडी फोडून आमचे हात मात्र दगडाला सरावले होते. नवरा पहारीनं दगड उचकटायचा, मी पाटीत भरून न्यायचे आणि सासरे उताराच्या बाजूला ते रचून ताल घालायचे. माती अडावी म्हणून घातलेली ती ताल माझ्या छातीला लागेल एवढी झाली. सासऱ्यांना तिचं भारी कौतुक. पाहुणा आला की चहाच्या आधी ताल दाखवायचे. पहिली ज्वारी धरली ती त्या तालीमुळंच.

ज्वारी पोटरीत आली आणि वरच्या आळीतल्या लोकांनी भरदिवसा तिच्यात जनावरं घातली. गायरान गावच्या गुरांचं, असं त्यांचं म्हणणं. आमची माणसं धावली, शिव्या झाल्या, काठ्या निघाल्या. कुणीतरी दगड भिरकावला आणि त्यांच्यातल्या एकाचं डोकं फुटलं. कुणी मारला ते आम्हालाही कळलं नाही. पीक तर गेलंच, खुंट तेवढे उरले. त्या दिवसापासून गिरणी आम्हाला बंद, दुकान बंद. वस्तीत कुणी मोठ्यानं बोलेना. पत्र्यावर चिमणी उतरली तरी मी दाराला कडी घालायचे.

एका सकाळी मी ओढ्यावर धुणं धूत होते. खडीच्या कामावर माझ्या शेजारी बसायची ती वरच्या आळीतली बाई हंडा घेऊन आली. माझ्याकडं न बघता, पाण्याकडं बघत बोलली, "तुमी मारायला तालीवर दगूड जमवल्यात म्हनून आमची मानसं तालुक्याला सांगून आल्यात. आज फौजदार येनार हाय. तुज्या मालकाला पयला धरत्यात बघ."

धुणं तसंच टाकून मी पळाले. घरी येऊन सगळं सांगितलं.

सासरे म्हणाले, "आगं, ताल हाय ती. आंधळ्याला बी कळंल."

"आंधळ्याला कळंल," नवरा म्हणाला. "फौजदाराला न्हाई कळायचं."

पलीकडच्या गावातून असाच धरून नेलेला एक जण अजून धड चालत नव्हता. ते आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.  सासरे उठले आणि पाटी घेऊन माळाकडं चालू लागले.

सगळी वस्ती तालीवर तुटून पडली. दगड उचलायचा आणि रानात फेकायचा, ज्वारीच्या खुंटांवर, नांगरलेल्या मऊ मातीवर, जिथून काढला होता तिथंच. घाईत बोटं चेंगरत होती आणि डोळे सारखे रस्त्यावरच्या धुरळ्याकडं जात होते. सासरे मात्र एकेक दगड हलक्या हातानं खाली ठेवत होते. "आबा, फेका की," नवरा त्यांच्यावर खेकसला. मला दोघांचाही राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त होती.

जीप आली तेव्हा ताल उरली नव्हती. फौजदार उतरला, त्याच्यामागं वरच्या आळीतली माणसं. त्यानं माळावर नजर फिरवली, बुटानं एक दगड लोटला.

"कुठायत जमवलेले दगड? इथं तर सगळीकडं दगडच आहेत." मग तो आमच्याकडं वळला. "आणि तुम्ही इथं शेती करता म्हणे? इथं कुसळ तरी उगवेल का?"

वरच्या आळीतला एक म्हातारा लगबगीनं पुढं झाला. "आमी तेच म्हनतोय, सायब. गायरान हाय ह्ये."

"काय रे बाबा," फौजदारानं सासऱ्यांना विचारलं, "शेत आहे का हे?"

सासऱ्यांनी रानाकडं पाहिलं. मग माझ्या नवऱ्याकडं पाहिलं.

"न्हाई, सायब," ते म्हणाले. "माळ हाय."

जीप रिकामीच परत गेली. नवरा माझ्या शेजारी उभा होता, त्याच्या हातात बेड्या नव्हत्या, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथंच एका दगडावर बसून रडले.