पहिल्या पसंतीचा रकाना

गिऱ्हाईक आवारात आलं की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. ज्याला जो ट्रॅक्टर खरंच हवा असतो, तो त्याच्यापासून चार हात लांब उभा राहतो आणि दुसऱ्याच ट्रॅक्टरची किंमत विचारतो. विकत घेताना मीही तेच करतो. हदगावला रस्त्याच्या कडेला माझा जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा आहे, आणि तो याच एका गोष्टीवर उभा आहे. ही गोष्ट मी सोळाव्या वर्षी जनावरांच्या बाजारात शिकलो. बैलांच्या एका दलालाच्या हाताखाली मी तेव्हा नुकताच लागलो होतो.

सोळाव्या वर्षी मी बाजारात का होतो, हेही सांगतो. मला दहावीला एकाहत्तर टक्के होते. गावात त्या वर्षी तेवढे दुसऱ्या कुणाला नव्हते. माझा थोरला भाऊ तेव्हा लातूरला शिक्षक होता. वडील मला घेऊन त्याच्याकडे गेले. त्याच्या घरी राहून मी अकरावी सायन्स करावं, असा बेत होता. वहिनीनं चहा दिला. भावानं माझं गुणपत्रक बघितलं, घडी घालून परत दिलं आणि वडिलांना म्हणाला, "याचं डोकं शिक्षणाचं न्हाई. व्यवहाराचं हाय. धंद्याला लावा." चहा संपायच्या आत माझं शिक्षण संपलं. वडिलांनी पुन्हा विचारलं नाही. मला तर कुणीच विचारलं नव्हतं. पुढे मी व्यवहार केला आणि चांगला केला. पण ते वाक्य मी विसरलो नाही, आणि विसरण्याचं मला काही कारण दिसत नाही.

माझ्या मुलीला दहावीला एक्याण्णव टक्के पडले, तेव्हा मी ठरवलं की ती लातूरला जाईल, सायन्स घेईल, डॉक्टर होईल. खोली भावाच्याच गल्लीत बघायची हेही ठरवलं होतं.

मुलगी म्हणाली, "मला सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय. नांदेडला."

"इमारती बांधणार व्हय?"

"जमीन मोजणार. मोजणी खात्यात भूकरमापक असतेत. डिप्लोमावर भरती निघते."

हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या आणि भावाच्या शेताच्या बांधावरून वाद झाला होता. भावानं बांध माझ्याकडे सरकवला असं माझं म्हणणं होतं, आणि ते मी सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हणत होतो. शेवटी सरकारी मोजणी लावली. एक बारीकसा माणूस तीन पायांच्या तिकाटण्यावर यंत्र मांडून बसला. काचेचा आरसा लावलेला खांब धरायला त्याला कुणीतरी हवं होतं. तो माझ्या मुलीनं धरला आणि दिवसभर ती त्याच्या सांगण्याप्रमाणे उन्हात फिरली. संध्याकाळी त्यानं हद्द दाखवली. बांध सहा फूट सरकलेला निघाला, पण भावाच्या रानात. म्हणजे मीच आत होतो. मी मोजणीवाल्याशी भांडलो. त्यानं नकाशा पुढे केला, सही घेतली आणि मोटरसायकलवर बसून गेला.

"तो माणूस एकदाबी ओरडला न्हाई," मुलगी आता म्हणाली. "तरी तुम्ही दोघं गप झाले."

मी तिचं काही ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घालून लातूरला नेलं.

लातूरला त्या दिवसांत सगळ्या जिल्ह्यांचे आईबाप येतात. क्लासच्या दारात चपला काढून बसलेले, मांडीवर गुणपत्रकाची फाइल, शेजारी घाबरलेलं पोरगं. आत एक मॅडम फी सांगत होत्या. लोक ऐकून मान हलवत होते. मी नाही हलवली. उठलो, दारापर्यंत गेलो, चप्पल पायात घातली. मॅडमनी बोलावलं. बसलो. पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा फी बरीच खाली आली होती आणि होस्टेलचं पहिल्या सहामाहीचं भाडंही माफ झालं होतं. अट एवढीच की पुढे निकाल लागला की मुलीचा फोटो त्यांच्या बोर्डावर लागेल. मी म्हणालो, लावा. त्या सगळ्या वेळात मुलगी छताच्या पंख्याकडे बघत होती.

तिथून मुद्दाम भावाकडे गेलो. भाऊ आता निवृत्त आहे. त्यानं मुलीचं गुणपत्रक हातात घेतलं आणि तसंच वाचलं, वरून खाली, सावकाश. मग म्हणाला, "हिचं डोकं शिक्षणाचं हाय. डॉक्टर करा हिला. बरोबर जागी आणली तू."

मी चहा तसाच ठेवला आणि उठलो.

परतीच्या वाटेवर अहमदपूरला मी गाडी हळू केली. मग म्हणालो, "घे तुझं सिव्हिल."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. "खरंच?"

"हाव म्हणलं ना."

तिला वाटलं असेल की मला तिचं म्हणणं पटलं. मला पटलं नव्हतं. माझ्या पोरीचं डोकं कशाचं आहे हे भावानं ठरवू नये, एवढंच माझं होतं. घरी आल्यावर बायकोनं तेवढ्यावरच साखर वाटली.

डिप्लोमाचे फॉर्म ऑनलाइन भरतात. मार्कांप्रमाणे यादी लागते, आणि कोणतं कॉलेज, कोणती शाखा हवी ते क्रमानं लिहून द्यायचं असतं. आम्ही हदगावच्या नेट कॅफेत गेलो. तो चालवणारा तरुण पोरगा चुणचुणीत होता. मुलीनं पहिल्या रकान्यात नांदेडचं सिव्हिल टाकलं.

"थांब," मी म्हणालो. "ते खाली घे. दोन नंबरला."

"काहून?"

"जे पाहिजे ते पहिलं सांगायचं नसतं. पहिल्यात लातूरचं कॉम्प्युटर टाक."

"मला कॉम्प्युटर नको."

"तुला मिळणारबी न्हाई. मागच्या वर्षीची यादी मी बघितली, ते त्र्याण्णव टक्क्यांना बंद झालं. तिथून परत पाठवतील, मग सिव्हिल देतील. पहिल्यांदाच सिव्हिल मागितलं तर म्हणतील हिला गरज हाय, हिला लटकवा."

कॅफेवाला मध्ये बोलला, "काका, तसं नसतंय. पहिल्या नंबरचं लागलं की तेच लॉक होतंय. बदलता येत न्हाई."

"तू झेरॉक्स काढ," मी म्हणालो.

मुलीनं सूचनांचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. त्यात लिहिलं होतं की आपल्या खऱ्या आवडीच्या क्रमानंच पर्याय भरावेत. मी तिला सांगितलं की विकणाराही हेच सांगतो, जे आवडलं ते बोला म्हणून. मग ती ऐकेना तेव्हा मी चिडलो. कॅफेत चार माणसं होती, त्यांच्यासमोर बोलायला नको ते बोललो. तीस वर्षं मी काय माती खाऊन धंदा केला का, असंही बोललो. तिचे कान लाल झाले. तिनं सिव्हिल खाली ओढलं, वर लातूर टाकलं आणि बटण दाबलं.

त्या वर्षी लातूरच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरची एक तुकडी वाढली होती. हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. यादी लागली, मुलीला पहिल्याच फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं. फोनवर अभिनंदन म्हणून संदेश आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडच्या मदत केंद्रावर गेलो. टेबलामागे एक शांत बाई होत्या. मी म्हणालो, "मॅडम, हे घ्या परत आणि आमचं दोन नंबरचं द्या. तुमचाबी फायदा हाय, कॉम्प्युटरला मागणी जास्त."

"काका, हे मी देत न्हाई," बाई म्हणाल्या. "कुणीच देत न्हाई. मशीन देतं."

"मग मशीनच्या वर कोण हाय?"

"कुणी न्हाई."

मी उठून दारापर्यंत गेलो. बाईंनी पुढचं नाव पुकारलं.

आता दोनच वाटा होत्या. लातूरचं कॉम्प्युटर घ्यायचं, ते हातात होतं. किंवा ते सोडायचं. मग पुढच्या फेऱ्यांत नाव नाही. सगळ्या फेऱ्या संपल्यावर कॉलेजात ज्या जागा उरतील, त्यांच्यासाठी जाऊन उभं राहायचं. उरतील की नाही ते कुणी सांगू शकत नव्हतं. मी म्हणालो, हातातलं सोडू नये. बायको म्हणाली, "तुम्ही आता एक शब्द बोलू नका." मुलीनं दोन दिवस घेतले. मग सकाळी भाकरी खाताना म्हणाली, "मी लातूर सोडून राहिले." तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी ताट बाजूला सारलं.

उरलेल्या जागांच्या दिवशी नांदेडच्या कॉलेजात पन्नासेक पोरं होती. फळ्यावर खडूनं शाखा आणि शिल्लक जागा लिहिल्या होत्या. सिव्हिलपुढे दोन होत्या. मार्कांच्या क्रमानं नावं पुकारत होते. पोरानं आत जायचं, शाखा सांगायची, बाहेरचा शिपाई फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहायचा. अकराच्या सुमाराला सिव्हिलची एक गेली. आमच्या मुलीच्या आधी तीन पोरं राहिली. त्यातल्या दोघांनी मेकॅनिकल घेतलं. राहिला एक. तो उमरीकडचा होता. माझ्या शेजारी त्याचा बाप बसला होता, पांढरी टोपी, गुडघ्यावर पिशवी.

"तुमचा काय घेऊन राहिला?" मी विचारलं.

"सिव्हिल का मेकॅनिकल, समजंना झालंय बघा. पोरगं म्हणतंय तुम्हीच सांगा."

मी त्याच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय हलत होते. असं गिऱ्हाईक वळवायला मला पाच मिनिटं पुष्कळ होतात.

"घरी ट्रॅक्टर हाय?"

"हाय की."

"मग विचार कशाचा करता? मेकॅनिकल घ्या. घरचा ट्रॅक्टर, घरचा इंजिनिअर. मी तीस वर्षं ट्रॅक्टरातच हाय. सिव्हिलवाल्याला जन्मभर उन्हात उभं राहावं लागतं. मेकॅनिकलवाला सावलीत."

"हे बराबर हाय," तो म्हणाला आणि पोराकडे वळला. "ऐकलं का रे? ह्यांचा धंदाच हाय त्यातला."

पोरानं मान हलवली. काम झालं होतं. तेवढ्यात मुलगी आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, माझा नंबर तुमच्या मुलाच्या मागं हाय," ती त्या बापाला म्हणाली. "सिव्हिलची एकच जागा राहिली, ती मला पाहिजे. म्हणून पप्पा तुम्हाला मेकॅनिकल सांगून राहिले."

तो माणूस आधी तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मला वाटलं आता हा कॉलर धरतो. तो हसायला लागला. पिशवी मांडीवर आपटून हसला.

"असं व्हय! ट्रॅक्टरवाला माणूस स्वतःच्या लेकीला सिव्हिल घेऊन राहिला? मग तर सिव्हिलच चांगलं असंल! जा रे, सिव्हिल सांग."

पोराचं नाव पुकारलं. तो आत गेला. शिपायानं फळ्यावरचा आकडा पुसला आणि तिथे शून्य लिहिलं.

कॉलेजच्या फाटकाबाहेर मी मुलीला जे बोललो ते इथे लिहीत नाही. ती ऐकत होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "त्याला काय पाहिजे ते त्याला ठरवू द्यायला पाहिजे ना पप्पा." मग कोपऱ्यावरच्या नळावर जाऊन तिनं तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं. मी गाडीत बसून राहिलो.

परत आली तेव्हा तिनं फाइलमधून एक कागद काढला. आयटीआयमध्ये सर्व्हेअरचा अभ्यासक्रम असतो, दोन वर्षांचा. मोजणी खात्याच्या भरतीला तोही चालतो. तिनं हे कधीच शोधून ठेवलं होतं. मला दाखवलं नव्हतं, कारण आयटीआय म्हटलं की मी काय म्हणेन ते तिला माहीत होतं. मी तेच म्हणालो. एक्याण्णव टक्क्यांची पोरगी आयटीआयला जाते का, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोकांना उन्हात उभं राहायचं न्हाई."

तो फॉर्मही ऑनलाइन होता. हदगावच्या त्याच कॅफेत गेलो. कॅफेवाल्यानं मला बसायला स्टूल दिलं, ते त्यानं मुद्दाम दाराबाहेर ठेवलं. मी तिथेच बसलो. मुलगी पाच मिनिटांत बाहेर आली.

"किती कॉलेजं टाकली?"

"एकच. नांदेड."

"आणि न्हाई लागलं तर?"

ती चप्पल घालत होती.

लागलं. आता ती नांदेडला खोली करून राहते. वर्गात सगळी मिळून चार मुली आहेत. शनिवारी येते तेव्हा तिची मान आणि हात मनगटापर्यंत काळवंडलेले असतात. हा अभ्यासक्रम संपल्यावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, हे मी चौकशी करून ठेवलं आहे. तसं केलं तर सरळ डिप्लोमापेक्षा तिचं एक वर्ष जास्त जातं. ते वर्ष माझ्यामुळे जाणार, असं तिची आई म्हणते. मुलीनं मात्र अजून एकदाही बोलून दाखवलेलं नाही. कधी ना कधी बोलेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं आहे. ती येते, जेवते, बूट काढून ओट्यावर माती झटकते आणि रविवारच्या गाडीनं परत जाते.