कोऱ्या कापडातून गाळलेलं डिझेल

आमचे हे साचेवाले, म्हणजे गिरणीत साच्यावर कापड विणायचे. वीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून कानांची पार वाट लागलेली. संप झाला, लांबला, आणि संपला असं कुणी न सांगताच संपला. ह्यांच्या गिरणीचं दार काही पुन्हा उघडलं नाही. मग ह्यांनी एक जुनी पिकअप घेतली, डिझेलवरची. आम्ही तिला टेम्पोच म्हणायचो.

टेम्पो हे चालवायचे आणि ऐकायचं काम माझं. मागून कोण हॉर्न मारतंय, इंजिन कसं बोलतंय, सगळं मी शेजारी बसून सांगायची. चाळीतल्या बायका चिडवायच्या, "काय गं, रोज नवऱ्याबरोबर फिरायला?" मी म्हणायची, "हो तर! चला तुम्हीपण, मागे बोंबलांच्या पाट्यांवर जागा आहे."

काम होतं मासळीचं. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून पाट्या भरायच्या आणि बाजार उघडायच्या आत दादरला पोचवायच्या. प्रभादेवीच्या एका कोळीणमावशींनी हे काम दिलेलं. त्यांच्या शब्दावर आणखी पाच-सहा जणी आपला माल आमच्या टेम्पोत टाकायच्या. घर त्याच्यावरच चाललेलं. गावाहून दिरांची पत्रं यायची, मुंबईत काय उरलंय तुमचं, या इकडे. ह्यांनी एकदा मला सांगूनच टाकलं, "ह्या काम गेला तर बिऱ्हाड मोडूया. माका पुन्हा नवीन काय सुरू करूक जमाचा नाय." मुलगी आमची सातवीत, पहिल्या तिनात नंबर. मी वरवर हूं म्हटलं, पण तिची शाळा मला मोडायची नव्हती.

आणि नेमका तेव्हाच टेम्पो रुसायला लागला. सपाटीला गुमान चालायचा, पण रे रोडचा पूल चढायला लागला की धापा टाकायचा. मी ओरडायची, "अहो, दम कोंडतोय त्याचा!" तोवर बंदच पडायचा. एका आठवड्यात दोनदा असं झालं. दुसऱ्यांदा दादरला पोचलो तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं आणि गिऱ्हाईक पुढे गेलेलं. मावशी शिव्या देतील म्हणून मी तयारीत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, परत उशीर झाला तं मी दुसरा टेम्पो लावीन. माझ्या मागं पण बाया हाईत." शिव्या परवडल्या असत्या.

त्याच दिवशी लालबागला मिस्त्रीकडे गेलो. मसाला कुटायच्या डंखांच्या मागे त्याचं गॅरेज, त्यामुळे तिथे सगळी बोलणी शिंकत शिंकत व्हायची. तो म्हणाला, "वहिनी, डिझेलचा पंप दमलाय. मोठा पंप टाका, नोझल मोठे टाका. पुलावर नुसता उडेल." दुसरा उपाय पण होता म्हणे. आहे त्या पंपाच्या आधी दोन फिल्टर लावायचे, आणि खाली एक काचेची वाटी, म्हणजे डिझेलमधलं पाणी आणि गाळ तिथेच बसेल. "पण त्याने ताकद नाही वाढायची. आणि फिल्टर तर मी पंधरवड्यापूर्वीच नवा टाकलाय." दोन्ही करणं आम्हाला जमण्यातलं नव्हतं. एक काय ते ठरवायचं होतं.

ह्यांचा जीव मोठ्या पंपावर. सगळ्या बाजारासमोर मान खाली गेलेली ना. पुरुषाची मान खाली गेली की त्याला ताकदच पाहिजे असते. आवाज वाढवून म्हणाले, "मोठोच टाक!"

मला इंजिनातलं काय कळणार? पण स्टो कळत होता. स्टो भुरभुरायला लागला तर आपण पिन मारतो, रॉकेल गाळून घेतो. मोठा स्टो घेऊन येतो का? सपाटीला चालतो आणि चढाला धापा टाकतो, म्हणजे पोटाला पुरेसं पोचत नाहीये. मी मिस्त्रीला म्हटलं, "आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी नको. आधी तो फिल्टर उघडा."

"वहिनी, नवा आहे तो."

"नवा तर नवा. उघडायला काय होतंय? तुमच्या घरचं जेवण जातंय का?"

हे माझ्यावर डोळे वटारत होते. मी तिकडे बघितलंच नाही. मिस्त्रीने चरफडत पाना लावला. फिल्टर बाहेर आला आणि तिघंही वाकून बघायला लागलो. गंज नाही, चिखल नाही. वर नुसता पांढुरका थर, भिजलेल्या कापसाच्या पेळूसारखा.

मला त्याच क्षणी कळलं, आणि वाटलं, देवा, ह्यांना नको कळू दे.

झालं होतं असं. टेम्पो घेतला तेव्हा टाकीत गंज निघाला होता. तेव्हापासून हे पेट्रोलपंपावरून कॅनमध्ये डिझेल आणायचे आणि चाळीसमोर नरसाळ्यात कापड घालून गाळून टाकीत ओतायचे. कापड कुठलं? ह्यांच्या स्वतःच्या साच्यावरून संपाआधी उतरलेलं शेवटचं कोरं कापड. गिरणीच्या दुकानातून घेऊन ट्रंकेत ठेवलेलं. मला त्यातून उशीचा अभ्रा शिवू दिला नाही कधी, पण टेम्पोसाठी काढलं. मी दहा वेळा म्हटलं होतं, "अहो, धुवून तरी देते." तर म्हणाले, "धुतलंस की गिरणीचो वास जातलो." मग मी तो नाद सोडला. आणि टेम्पो बंद पडायला लागला तशी ह्यांनी कापडाची घडी दुहेरी केली, मग चौपदरी. जितकी काळजी घेतली, तितके कोऱ्या कापडाचे तंतू टाकीत गेले, तितका त्याचा गळा आवळला.

मी पटकन म्हटलं, "गोणपाटाचा भुगा दिसतोय हा."

ह्यांनी थोडं बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं. वीस वर्षं तीच बोटं तुटलेला धागा जोडत होती, त्यांना काय फसवणार मी? "नाय गो," म्हणाले. "ह्या माझा कापड. खळ पण हा अजून तेच्यात." आणि तिथल्याच टायरवर खाली बसले. गिरणी गेली तेव्हा हा माणूस असा बसला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिस्त्रीवर जिंकले होते ना मी, पण त्याचा आनंद कसला!

मिस्त्री भला माणूस. त्याने चहा सांगितला. मग ह्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "पंप ठणठणीत आहे, दादा. दोन फिल्टर आणि वाटी लावतो. आणि कापड नको आता. जाळी देतो नरसाळ्याला."

हे माझ्याकडे बघायला लागले. "तूच सांग," म्हणाले.

इतक्या वर्षांत आमच्या घरात हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले. "लावा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाट्या भरल्या. पूल आला तशी मी देवाचं नाव घेत इंजिनाला कान लावला. हे चढ संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होते, रस्त्याकडे कमी. मी ओरडले, "अहो, समोर बघा! चालतोय तो, मस्त चालतोय!"

दादरला पोचलो तेव्हा अजून फळ्यासुद्धा मांडल्या नव्हत्या. मावशींनी पाटीतला बर्फ चाचपला. "काय झाला व्हता रं गाडीला?" मी खोटं तोंडावर आणलंच होतं, मिस्त्रीवर ढकलणार होते. पण हे खाली उतरले आणि भर बाजारात, आपल्याला वाटतं तेवढ्या हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "चूक माझी, मावशी. माझ्याच कापडाचो कचरो अडकललो."

मावशींनी ह्यांच्याकडे नीट बघितलं. मग पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाल्या, "बरं. उद्याला पन तुमीच या."

बाजार जागा झाला होता, बर्फ फुटत होता, बायका भांडत होत्या. हे माझ्याकडे वळले. "काय म्हणाली?"

"उद्यापण आपणच."

"काय?"

"उद्यापण आपणच यायचंय!"

"परत सांग."

साचेखात्यातली माणसं त्या गोंगाटात एकमेकांच्या ओठांवरूनच बोलायची. मावशी बोलल्या तेव्हाच ह्यांना कळलं होतं, मला काय माहीत नाही? पण मी परत सांगितलं. तीनदा सांगितलं. त्यांनी विचारलं असतं तर दिवसभर तिथेच उभी राहून सांगितलं असतं.