कुंकू लागलेली इटालियन रेकॉर्ड

कणीक मळून झाली, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, डबा भरला, तेवढ्यात रेकॉर्डची पहिली बाजू संपली. सुधीरने सुई उचलली, डबा उचलला आणि तो ऑफिसला गेला. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या घरात बावीस वर्षं सकाळ अशीच उरकायची. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणे. सत्तरच्या दशकातला इटलीचा बँड, एकेक गाणं दहा-दहा मिनिटांचं. मला त्यातली बासरी आवडायची. बाकीच्या वेळात मी पोळ्या लाटायचे.

सुधीरला जाऊन दोन वर्षं झाली. महिनाअखेर मी मुलाकडे रेडमंडला कायमची जाणार. निखिलने फोनवर बजावलं, "आई, अपार्टमेंट छोटं आहे. टू बॅग्ज, मॅक्स." देव, पुस्तकं आणि कुकर यांतच बॅगा भरल्या. रेकॉर्ड प्लेअर काही बसेना. मग निदान रेकॉर्ड तरी जाणकाराच्या हातात पडावी, म्हणून मॅडिसनमधल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानाची ही सहल.

शेजारच्या शलाकाने शुक्रवारची सुट्टी काढून गाडी चालवली. सव्वादोन तास लागतात. विस्कॉन्सिनची हद्द येईपर्यंत टोल, पुढे चीजच्या पाट्या. थालीपिठाचा डबा बघून शलाका म्हणाली, "काकू, आज तरी बाहेरचं खाऊ ना यार!" खाल्लं. चीजचे तुकडे तळून देतात. बटाटेवड्यातला बटाटा काढून चीज भरल्यासारखं लागतं. एक प्लेट दोघींना पुष्कळ होते. थालीपीठ येताना संपलं.

दुकान तळ्यापासून दोन गल्ल्या आत. पांढऱ्या पोनीटेलचे दुकानदार. रेकॉर्ड घेण्याआधी त्यांनी हात पुसले, ते मला बरं वाटलं. मग मधल्या लेबलवर बोट ठेवून विचारलं, "वाइन सांडली?"

"कुंकू," मी म्हटलं. "दसऱ्याला वापरातल्या वस्तूंची पूजा करतो आम्ही."

शलाकाने समजावून सांगितलं. ते म्हणाले, पूजेने किंमत निम्मी झाली.

त्यांनी रेकॉर्ड दिव्याखाली उलटसुलट केली. "ही कुंकवाची बाजू खूप वाजलेली आहे. दुसरीही तेवढीच वाजलेली दिसते."

"शक्यच नाही. ती आम्ही लावतच नव्हतो."

त्यांनी ती लावली. बासरी नव्हती. ड्रम होते, आणि एक माणूस जीव तोडून ओरडत होता. मग आठवलं. सुरुवातीला एकदाच ही बाजू लागली होती, आणि मी स्वयंपाकघरातून म्हटलं होतं, "ह्याला कुणी मारतंय का? बंद कर." त्यानंतर माझ्यासमोर ती कधी वाजली नाही.

दर शनिवारी मी लायब्ररीत जायचे. "सावकाश ये, घाई नको," सुधीर म्हणायचा. मी त्याला समजूतदार समजत होते. मी परत येईपर्यंत रेकॉर्ड उलटून, माझी बासरीची बाजू वर करून ठेवलेली असायची. दसऱ्याला कुंकू तिच्यावरच पडणार.

"काकू, देऊन टाकायची ना?" शलाकाने हळूच विचारलं.

"नाही."

दुकानदार हसले आणि रेकॉर्ड दोन्ही हातांनी कव्हरमध्ये सरकवून मला परत दिली.

घरी पोचल्यावर निखिलला फोन केला. "कुकर इथेच ठेवतेय. प्लेअर आणतेय."

"आई, सीरियसली?"

"कुकर तिकडेही मिळतो."

आता सहलीचा हिशेब विचाराल तर रस्ता सोपा, चीज जड, तळं सुंदर. मी विकायला गेलेली वस्तू घेऊन परत आले, आणि बावीस वर्षं आपण सुधीरचं संगीत किती समजुतीने ऐकून घेतलं, हा माझा समज तेवढा तिकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी लायब्ररीत गेले नाही. कणीक मळायला घेतली आणि दुसरी बाजू लावली.