गिरजाबाईच्या गाण्यातला बाजार

धानाच्या रोवण्याला गिरजाबाई पुढे असली की बाकीच्या बायांना गप्पांची सोय नव्हती. अर्धी ओळ तिने म्हणायची, उरलेली आम्ही दहाजणींनी ओणव्यानेच उचलायची, आणि त्याच चालीवर हात चिखलात. "घरात नाई कोनी बाई," ती म्हणायची. "मनात भरला बजार," आम्ही. त्या बाजारात एक म्हणे जा, एक म्हणे राहा, आणि मधे उभ्या बाईला कोणी काही विचारतच नाही, असं ते गाणं.

मूल तालुक्यातल्या आमच्या गावात ती माहेरी परत आलेली. नवऱ्याने सिरोंच्याला दुसरी आणली आणि हिला नेसत्या लुगड्यानिशी बसमध्ये बसवून दिलं. तीस वर्षं माझ्या शेजारी राहिली, पण त्याचं नाव काढलं नाही. माझी सून नवीन होती तेव्हा गाण्याचा अर्थ विचारायला गेली, तर म्हणते, "मिरची खाऊन पाहाय वं, अर्थ काय इचारते!"

मी आपली हसले. मला वाटायचं, अर्थ कसला, एकट्या बाईचं रडगाणं.

मग एका रोवण्यात तिच्या नवऱ्याच्या पुतण्याचा फोन आला. काकाला लकवा मारला, दुसरी काकी तर आधीच वारली, पोरंबाळं नाहीत, तुम्ही येता का? झालं. दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत तिने अर्धी ओळ म्हटली, आम्ही सवयीने उरलेली म्हटली, आणि ही पुढचं म्हणेचना. रोपांची पेंडी धरून उभीच. पेंडीतून पाणी गळतंय.

मला रागच आला. "जाशीन तं माह्याशी बोलू नोको. तुले टाकलं तवा कुठी होता तो?"

तिने चिखलाचा हात छातीवर ठेवला. "तुह्यासारखीच एक इथी बसली हाये. रातंदिवस हेच म्हनते. अन् दुसरी म्हनते, मानूस हागामुतात पडला हाये. त्या दोघी थकत नाईत वं. मीच थकलो."

इतकी वर्षं मी त्या गाण्याची अर्धी ओळ म्हटली होती. ऐकली त्या दिवशी.

ती गेली. परतली तेव्हा धान निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, आणि नवरा वारला होता. बोलू नको म्हणणारी मी, मीच आधी तिच्या दारात गेले, घरी आणलं, पानावर बसवलं.

"माफ केलं का वं त्याले?"

"नाई. अंग पुसलं, पेज पाजली. तो रडे, मी भिताडाकडे पाहो." भात कालवता कालवता तिचा हात थांबला. "माफ केलं म्हनलं असतं तं सुखानं गेला असता बिचारा. तोंडातून निघालंच नाई."

चार घास खाल्ले असतील, बसल्या बसल्याच झोपेने तिची मान कलली. मी तिचा उष्टा हात धुतला, माझ्या खाटेवर निजवलं. मग दार ओढून बाहेर बसले, आणि येईल त्या बाईला सांगत राहिले, "हळू बोल. झोपली हाये."